राजकीय रॉक बँडची कॉन्सर्ट डीव्हीडी कशी पाहावी, ऐकावी आणि जपावी

काही वर्षांपूर्वी मी एक मूर्खपणा केला. रेज अगेन्स्ट द मशिन या अमेरिकी रॉक बँडची 'द बॅटल ऑफ मेक्सिको सिटी' ही डीव्हीडी कॉम्प्युटरवर उतरवताना फक्त गाणी ठेवली आणि बाकीचं सगळं काढून टाकलं. गाण्यांच्या अधेमधे येणारे माहितीपटाचे तुकडे, मंचावरचं बोलणं, मुलाखती, मेन्यू, सगळं गेलं. हार्ड डिस्कवर थोडी जागा वाचली म्हणून मी खूशही होतो. पुढे मूळ डिस्क एका ओळखीच्या माणसाने पाहायला नेली. परत आली तेव्हा मधल्या भोकापासून बाहेर एक बारीक चीर गेली होती आणि ड्राइव्ह ती डिस्क ओळखायलाच तयार नव्हता. हाताशी उरली ती जोरकस गाणी. ती एवढी का चिडली आहेत हे सांगणारा भाग मी स्वतःच्या हाताने पुसला होता.

दुसरी प्रत मिळाल्यावर सगळं नव्याने आणि नीट केलं. हा लेख त्या दुसऱ्या खेपेचा आहे. उदाहरणं याच बँडची घेतो, पण कुठल्याही राजकीय बँडच्या कॉन्सर्ट डिस्कला हीच पद्धत लागू पडते.

१. कोणती डिस्क, कुठल्या रात्रीची

रेज अगेन्स्ट द मशिन १९९१ साली लॉस एंजेलिसमध्ये उभा राहिला. गायक झॅक दे ला रोचा, गिटारवर टॉम मोरेलो, बासवर टिम कॉमरफोर्ड, ड्रमवर ब्रॅड विल्क. यांच्या तीन पूर्ण कॉन्सर्ट डिस्क हाताशी असाव्यात असं मला वाटतं, आणि तिन्ही तीन वेगळ्या प्रसंगांच्या आहेत.

मेक्सिको सिटीची मैफल २८ ऑक्टोबर १९९९ ची आणि डिस्क २००१ ची. लॉस एंजेलिसच्या ग्रँड ऑलिम्पिक ऑडिटोरियममधल्या दोन रात्री १२ आणि १३ सप्टेंबर २००० च्या, पण ते चित्रीकरण बाहेर आलं २००३ मध्ये. तोवर बँड फुटून तीन वर्षं झाली होती. तिसरी बँड पुन्हा एकत्र आल्यानंतरची, लंडनच्या फिन्सबरी पार्कमधली, ६ जून २०१० ची. डिसेंबर २००९ मध्ये ब्रिटिश श्रोत्यांनी मोहीम चालवून 'किलिंग इन द नेम' हे जुनं गाणं नाताळच्या आठवड्यात विक्रीच्या यादीत पहिलं आणलं. त्याची परतफेड म्हणून बँडने ही मैफल फुकट केली. ती डिस्क २०१५ ची.

चित्रीकरणाची तारीख आणि प्रकाशनाचं वर्ष या दोन गोष्टी पहिल्या दिवसापासून वेगळ्या लिहायची सवय लावून घ्या. राजकीय मैफलीत हा फरक फार मोठा असतो. ग्रँड ऑलिम्पिकच्या डिस्कवर २००३ पाहून एखाद्याला वाटेल की हे इराक युद्धाच्या काळातलं गाणं-बोलणं. प्रत्यक्षात त्या रात्री अमेरिकेत अध्यक्षपदाची निवडणूकसुद्धा व्हायची होती.

एकच घ्यायची असेल तर मेक्सिको सिटीची घ्या. मैफल म्हणून ग्रँड ऑलिम्पिक कदाचित जास्त धारदार आहे, हे मान्य. पण मैफल आणि तिचं कारण एकाच डिस्कवर बांधलेलं मेक्सिकोच्या प्रतीतच मिळतं.

२. घेताना काय तपासायचं

नवी प्रत सहसा मिळत नाही, जुनी घ्यावी लागते. अशा वेळी चार गोष्टी बघा.

पहिली, डिस्क कारखान्यात छापलेली आहे की घरी कॉम्प्युटरवर बर्न केलेली. खालची बाजू उजेडात तिरकी धरा. छापलेली डिस्क स्वच्छ चंदेरी दिसते, दोन थरांची असेल तर किंचित सोनेरी. जांभळट किंवा निळसर झाक दिसली तर ती रेकॉर्डेबल डिस्क आहे, म्हणजे नक्कल. वरचं लेबल कितीही झकास असो.

दुसरी गोष्ट रिजन, म्हणजे डिस्क जगाच्या कुठल्या भागातल्या प्लेअरवर चालेल ते सांगणारा आकडा. अमेरिका आणि कॅनडा रिजन १, पश्चिम युरोप आणि जपान २, मेक्सिकोसह लॅटिन अमेरिका आणि ऑस्ट्रेलिया ४, भारतीय उपखंड ५. मागच्या बाजूला पृथ्वीगोलाच्या छोट्या चित्रात हा आकडा असतो. शून्य किंवा 'ऑल' असेल तर प्रश्नच मिटला. कॉम्प्युटरच्या ड्राइव्हमध्ये रिजन फक्त पाच वेळा बदलता येतं आणि पाचव्यांदा बदललं की ते कायमचं. त्यामुळे कुतूहल म्हणून बदलून बघायला जाऊ नका.

तिसरी, चित्राची पद्धत. अमेरिका आणि मेक्सिकोत एनटीएससी चालतं: ७२० × ४८० चं चित्र, सेकंदाला २९.९७ फ्रेम. ब्रिटनसह युरोपच्या मोठ्या भागात पाल: ७२० × ५७६, सेकंदाला २५. पालमध्ये ओळी जास्त म्हणून ती प्रत चांगली, असं पुष्कळ जण सांगतात. कॉन्सर्टच्या बाबतीत हे फसवं आहे. व्हिडिओ कॅमेऱ्याने टिपलेली मैफल एका पद्धतीतून दुसऱ्या पद्धतीत नेली की हालचाल पुसट होते आणि हातांना सावली पडल्यासारखी दिसते. म्हणून चित्रीकरण ज्या देशात झालं तिथल्या पद्धतीची प्रत शक्यतो घ्या. मेक्सिको सिटीची मैफल असेल तर एनटीएससी.

फिल्मवर चित्रित केलेल्या मैफलीची पाल प्रत असेल तर आणखी एक घोटाळा होऊ शकतो. सेकंदाला २४ फ्रेमचं चित्र २५ ने पळवलं की सगळं चार टक्के जलद होतं आणि आवाज दुरुस्त केला नसेल तर सूरही जवळजवळ पाऊण अर्धस्वर वर चढतो. ट्यूनर, म्हणजे सूर मोजणारं साधन, लावून हे दोन मिनिटांत कळतं. 'किलिंग इन द नेम'साठी मोरेलो गिटारची सगळ्यात जाड तार उतरवून डी या सुरावर आणतो. ती तार डी आणि डी शार्पच्या मध्ये कुठेतरी लोंबकळताना दिसली की समजा, प्रत पळवलेली आहे.

चौथी, मधलं भोक. माझी पहिली डिस्क तिथेच गेली. भोकाभोवतीच्या पारदर्शक कड्यात केसाएवढी जरी चीर दिसली तरी ती प्रत घेऊ नका. ड्राइव्हमध्ये जोरात फिरताना ती वाढतेच. आणि घरी डिस्क डबीतून काढताना कडेला धरून वर ओढू नका. मधलं बटण एका बोटाने दाबा, पकड सुटू द्या, मग उचला. ओढली की ती धनुष्यासारखी वाकते, आणि डीव्हीडी म्हणजे ०.६ मिलिमीटरच्या दोन चकत्या चिकटवून केलेली वस्तू आहे. वाकवण्याने तो सांधाच उघडतो.

३. पुसणं

मऊ मायक्रोफायबरचं कापड घ्या. मधून सुरू करून सरळ बाहेरच्या कडेपर्यंत पुसा, सायकलच्या चाकाच्या काड्या असतात तसं. गोल गोल फिरवून पुसलं तर पडणारा ओरखडा माहितीच्या रांगेच्या दिशेनेच जातो आणि एकाच ठिकाणचा लांब तुकडा खाऊन टाकतो. आडवा ओरखडा मात्र प्रत्येक रांगेतला थोडाथोडाच भाग बिघडवतो आणि तेवढं डिस्कमधली चूक-दुरुस्ती सांभाळून घेते.

बोटांचे ठसे निघत नसतील तर डिस्टिल्ड पाण्याचा थेंब, तरीही नाही तर आयसोप्रोपिल अल्कोहोल. टूथपेस्ट लावून ओरखडे काढायचा उपाय अजून लोक सांगतात. मी तो एका टाकाऊ डिस्कवर करून पाहिला. ओरखडा तसाच राहिला आणि आजूबाजूला शंभर नवे आले.

४. चित्र: गिटारवाल्याचा हात दिसेपर्यंत सोडायचं नाही

आधी आकार. जुन्या कॉन्सर्ट डिस्क पुष्कळदा ४:३ च्या असतात आणि रुंद टीव्ही त्यांना ताणून सगळ्यांना जाडं करतो. टीव्हीत 'ओरिजिनल' किंवा '४:३' निवडा. बरोबर झालं का हे पाहायला ड्रम समोरून दिसेल अशा ठिकाणी चित्र थांबवा. विल्कचा मोठा ड्रम गोल दिसला पाहिजे. अंड्यासारखा दिसला तर अजून चुकतंय.

आता मुख्य गोष्ट. व्हिडिओवर टिपलेल्या मैफलीत प्रत्येक फ्रेम दोन अर्ध्या चित्रांची बनलेली असते. एकात विषम ओळी, दुसऱ्यात सम. ही अर्धी चित्रं वेगवेगळ्या क्षणांची असतात, एनटीएससीत सेकंदाला ५९.९४. आजचे पडदे मात्र पूर्ण चित्र दाखवणारे. दोन्ही अर्धुकं तशीच एकत्र केली की हलणाऱ्या हाताच्या कडेला कंगव्याचे दाते दिसतात. कित्येक सॉफ्टवेअर त्यावर उपाय म्हणून एक अर्धुक चक्क फेकून देतात. दाते जातात, पण निम्मी हालचालही जाते.

व्हीएलसी या व्हिडिओ प्लेअरमध्ये व्हिडिओच्या मेन्यूत डीइंटरलेस (ही अर्धुकं जुळवणारी सोय) चालू करा आणि प्रकार 'याडिफ (२एक्स)' निवडा. हा प्रत्येक अर्धुकाचं पूर्ण चित्र बनवतो, म्हणजे सेकंदाला जवळजवळ साठ चित्रं मिळतात. मैफल फिल्मवर टिपलेली असेल तर हा प्रकार लागत नाही, तिथे साधा 'याडिफ' पुरतो. फरक ओळखायचा कसा? कॅमेरा गर्दीवरून सरकतो ते पाहा. हालचाल टीव्हीवरच्या थेट सामन्यासारखी गुळगुळीत वाटली तर व्हिडिओ, सिनेमासारखी किंचित अडखळती वाटली तर फिल्म.

एवढा खटाटोप कशासाठी, हे 'बुल्स ऑन परेड'चा सोलो आला की पटतं. तिथे डीजे रेकॉर्ड घासतो तसा आवाज येतो आणि पहिल्यांदा ऐकणाऱ्याला वाटतं की मागे कोणीतरी टर्नटेबल लावलंय. या बँडच्या अल्बमवर सॅम्पल, कीबोर्ड किंवा सिंथेसायझर वापरलेला नाही असं छापलेलं असायचं. मग आवाज कुठून? मोरेलोच्या गिटारला दोन पिकअप, म्हणजे तारांचा आवाज टिपणारे भाग, आहेत. एकाचा आवाज पूर्ण, दुसऱ्याचा शून्य. एका हाताने तो मधल्या खटक्याला वर-खाली झटके देतो, आवाज चालू-बंद-चालू-बंद होत राहतो. दुसरा हात तारांवर सपाट घासतो. सूर असा काही वाजवतच नाही. चुकीच्या सेटिंगमध्ये त्या खटक्यावरचा हात म्हणजे राखाडी डाग असतो. बरोबर सेटिंगमध्ये बोट, खटका आणि झटका, तिन्ही वेगळे दिसतात. गिटारवर हाताने रंगवलेली 'आर्म द होमलेस' ही अक्षरंही तेव्हाच वाचता येतात. घर नसलेल्यांना शस्त्रं द्या! घोषणा वाद्यावरच आहे, आणि मंदगती केल्याशिवाय ती मला पहिल्या तीन वेळा दिसलीच नव्हती.

५. आवाज

डिस्कच्या मेन्यूत बहुतेकदा दोन पर्याय असतात: डॉल्बी डिजिटल ५.१ (पाच स्पीकर आणि एक खर्जाचा) आणि साधा स्टीरिओ पीसीएम. दोनच स्पीकर असतील तर डोळे मिटून पीसीएम घ्या. तो दाबलेला नसतो, सेकंदाला १५३६ किलोबिटचा असतो. डॉल्बीला डीव्हीडीवर जास्तीत जास्त ४४८ मिळतात आणि ते सहा वाहिन्यांत वाटायचे असतात. शिवाय ५.१ चा आवाज टीव्हीने दोन स्पीकरमध्ये कोंबला की गायकाचे शब्द गर्दीत बुडतात. शब्द बुडाले तर या बँडच्या डिस्कचं करायचं काय?

खरे पाच स्पीकर असतील तेव्हा ५.१ लावा. मागच्या दोन स्पीकरमधून गर्दी आणि सभागृहाचा घुमारा येतो. मेक्सिको सिटीची मैफल झाली ते पालासिओ दे लोस देपोर्तेस हे सभागृह घुमाऱ्यासाठी कुप्रसिद्धच. तांब्याच्या पत्र्याचा प्रचंड घुमट, फेलिक्स कांदेला या वास्तुरचनाकाराचं काम. तिथले लोक त्याला थट्टेने 'पालासिओ दे लोस रेबोतेस' म्हणतात, म्हणजे आवाज टप्पे खातो तो महाल. मागचे स्पीकर दोन-तीन घर खाली आणले तर घुमट जाणवतो आणि बोलणंही कळतं.

त्यानंतर प्लेअर आणि टीव्ही, दोन्हीत 'नाइट मोड', 'डायनॅमिक रेंज' किंवा 'ऑटो व्हॉल्यूम' असं जे काही असेल ते बंद करा. हे हळू आवाज वर आणतं आणि मोठा आवाज खाली दाबतं. या बँडची सगळी ताकद त्या चढ-उतारातच आहे. 'किलिंग इन द नेम'च्या शेवटी एकच ओळ पुन्हा पुन्हा येते. आधी जवळजवळ कुजबुज, मग चढत चढत किंकाळी. नाइट मोडमध्ये ती सुरुवातीपासून शेवटपर्यंत एकाच पट्टीत येते, पाढे म्हटल्यासारखी. चाचणीसाठी हाच तुकडा वापरा. कुजबुज ऐकू येईल एवढा आवाज ठेवा आणि शेवटी हात रिमोटकडे गेला तर सेटिंग बरोबर आहे.

६. पाहणं

पहिल्या खेपेला काही लिहू नका, काही पुढे ढकलू नका. सबटायटल मात्र आधीच तपासा, कारण ती पुष्कळ डिस्कवर बंद स्थितीत येतात आणि स्पॅनिश बोलणं सुरू झालं की धांदल उडते. मधले माहितीपटाचे तुकडे 'पुढचं गाणं' म्हणून ओलांडायचा मोह होईल. ओलांडू नका.

दुसऱ्या खेपेआधी अर्धा तास तारखांना द्या. एका कागदावर मधोमध मैफलीचा दिवस लिहा, वर त्याआधीचं, खाली नंतरचं. मेक्सिकोच्या डिस्कसाठी माझा कागद साधारण असा भरला.

मेक्सिकन क्रांतीतला शेतकरी नेता एमिलियानो झापाता १० एप्रिल १९१९ ला दगाफटक्याने मारला गेला. त्या क्रांतीतून आलेल्या १९१७ च्या राज्यघटनेच्या २७ व्या कलमाने गावांना सामाईक जमिनीचा हक्क दिला होता. १९९२ मध्ये ते कलम बदललं, जमिनीचं वाटप थांबलं आणि सामाईक जमीन विकण्याचा रस्ता मोकळा झाला. १ जानेवारी १९९४ ला अमेरिका, कॅनडा आणि मेक्सिको यांच्यातला नाफ्ता हा मुक्त व्यापार करार अमलात आला. त्याच पहाटे दक्षिणेकडच्या चियापास राज्यात, तोंडं झाकलेल्या आदिवासी बंडखोरांनी सान क्रिस्तोबाल दे लास कासास हे शहर आणि इतर काही गावं ताब्यात घेतली. त्यांनी नाव घेतलं झापाताचं: झापातिस्ता राष्ट्रीय मुक्ती सेना. काळ्या कापडावर लाल तारा हे त्यांचं निशाण. फेब्रुवारी १९९६ मध्ये सरकार आणि झापातिस्ता यांच्यात सान आंद्रेसचा करार झाला, पण तो कागदावरच राहिला. २२ डिसेंबर १९९७ ला चियापासमधल्याच आक्तेआल या वस्तीत निमलष्करी टोळीने प्रार्थनेला जमलेल्या ४५ जणांना ठार केलं.

आणि मैफलीच्या वर्षी राजधानीतच वेगळी आग लागली होती. राष्ट्रीय स्वायत्त विद्यापीठाने, म्हणजे उनामने, नाममात्र असलेली फी वाढवायचं ठरवलं आणि २० एप्रिल १९९९ ला विद्यार्थ्यांनी संप पुकारला. मैफल झाली तेव्हा विद्यापीठ सहा महिन्यांहून जास्त काळ बंद होतं. ६ फेब्रुवारी २००० ला पोलिस आत शिरले आणि शेकडो विद्यार्थ्यांना अटक झाली. म्हणजे गर्दीतल्या कित्येकांना तीन महिन्यांनी काय होणार हे ठाऊक नव्हतं आणि आपल्याला ते ठाऊक आहे. चेहरे पाहताना ही गोष्ट डोक्यात राहते.

सभागृहाचीही नोंद करा. ते १९६८ च्या ऑलिम्पिकसाठी बांधलं गेलं. त्या ऑलिम्पिकचं उद्घाटन १२ ऑक्टोबरला झालं आणि बरोबर दहा दिवस आधी, २ ऑक्टोबरला, याच शहरातल्या त्लातेलोल्को चौकात सैन्याने विद्यार्थ्यांच्या सभेवर गोळीबार केला होता. एकतीस वर्षांनी त्याच ऑलिम्पिकच्या इमारतीत संपकरी विद्यार्थ्यांच्या शहरातली ही मैफल. योगायोग असा की लॉस एंजेलिसचं ग्रँड ऑलिम्पिकही ऑलिम्पिकवालंच. १९३२ मध्ये तिथे मुष्टियुद्ध झालं होतं.

आता दुसरी खेप, हातात कागद-पेन. मी चार रकाने आखतो: वेळ, गाणं, मंचावर काय बोललं गेलं, आणि पडद्यावर काय दाखवलं. चौथ्या रकान्यात खरी गंमत आहे. बोलणं चालू असताना संपादक गायकावर थांबतो की लगेच गर्दीतल्या उड्यांवर जातो? दोन मिनिटं घड्याळ लावून किती वेळा चित्र बदललं ते मोजा. गाण्यात ते भराभर बदलणारच. बोलण्यातही तसंच बदलत असेल तर संपादकाला बोलणं नकोसं झालं होतं असं खुशाल समजा. लाल तारा कुठे कुठे दिसतो तेही टिपा. मंचावर, टी-शर्टवर, झेंड्यांवर.

गाण्यांचा क्रमही मुद्दाम लावलेला असतो. 'पीपल ऑफ द सन' आणि 'वॉर विदिन अ ब्रेथ' ही दोन्ही थेट झापातिस्तांशी जोडलेली गाणी. एक १९९६ च्या अल्बममधलं, दुसरं मैफलीनंतर पाच दिवसांनी, २ नोव्हेंबरला बाहेर पडणाऱ्या अल्बममधलं. म्हणजे ते दुसरं गाणं तिथल्या गर्दीसाठी नवंकोरं होतं. जुन्या आणि नव्या गाण्याला प्रतिसाद कसा वेगळा येतो ते ऐका.

डिस्कवर झापातिस्तांचा प्रवक्ता सबकोमांदान्ते मार्कोस आणि अमेरिकी भाषाशास्त्रज्ञ-विचारवंत नोम चॉम्स्की यांच्याशी झालेल्या बातचितीचे भागही आहेत. ते मैफलीनंतर लगेच पाहू नका. कान सुन्न झालेले असतात आणि शांत बोलणं कंटाळवाणं वाटतं. दुसऱ्या दिवशी सकाळी पाहा.

एक आक्षेप हमखास येतो आणि तोही नोंदीत असू द्या. हा बँड एपिक या कंपनीसाठी गाणी करायचा आणि एपिक सोनीची. बंडाची डिस्क बहुराष्ट्रीय कंपनी विकते. बँडचं म्हणणं असं की आपलं म्हणणं दूरवर पोचवायचं तर मोठीच वाट धरावी लागते. मला हे उत्तर निम्मंच पटतं. वेष्टनाच्या मागच्या बाजूचा फोटो काढून ठेवताना सोनीचं बोधचिन्ह कापू नका, एवढं नक्की.

७. पूर्ण प्रत काढणं

स्वतःच्या डिस्कची प्रत काढायला काही देशांत कायदा मुभा देतो, काही देशांत कुलूपबंद डिस्कच्या बाबतीत देत नाही. आपल्याकडे काय आहे ते आधी पाहा. हे झालं की नियम एकच: आख्खी डिस्क उतरवायची.

आख्खी म्हणजे आयएसओ प्रतिमा: संपूर्ण डिस्कची जशीच्या तशी, एकाच फाइलमधली नक्कल. डिस्कवरच्या व्हिडिओ-टीएस फोल्डरमध्ये तीन प्रकारच्या फाइली असतात. व्हीओबीमध्ये चित्र-आवाज, आयएफओमध्ये कुठलं प्रकरण कुठे आहे याचा नकाशा, बीयूपी ही त्या नकाशाची राखीव नक्कल. फक्त व्हीओबी उचलल्या तर मेन्यू, प्रकरणं, सबटायटलांची नावं तुटतात. एका थराची डिस्क ४.७ जीबीची, दोन थरांची ८.५. आजच्या हार्ड डिस्कच्या मानाने हे काहीच नाही. माझ्यासारखी कंजुषी करू नका.

डिस्क धडधाकट असेल तर प्रतिमा बनवणारं कुठलंही साधं सॉफ्टवेअर चालेल. ओरखडे असतील तर डीडीरेस्क्यू, हे बिघडलेल्या डिस्कवरची माहिती वाचवणारं सॉफ्टवेअर. त्याची युक्ती साधी आहे. पहिल्या फेरीत ते अडकणारा भाग सोडून पुढे जातं आणि जेवढं सहज वाचता येतं तेवढं उचलतं. काय राहिलं याची नोंद ते मॅपफाइलमध्ये ठेवतं. सेक्टरचा, म्हणजे एका वेळी वाचायच्या तुकड्याचा, आकार २०४८ बाइट सांगा. पहिली फेरी संपली की दुसरी, राहिलेल्या जागांवर तीन प्रयत्नांची. तरीही भोकं उरली तर डिस्क काढा, पुसा आणि दुसऱ्याच कॉम्प्युटरच्या ड्राइव्हमध्ये घाला, पण मॅपफाइल तीच द्या. एका ड्राइव्हला न जमलेलं दुसऱ्याला पुष्कळदा जमतं आणि दोघांचं मिळून एक पूर्ण चित्र तयार होतं. माझ्या दुसऱ्या प्रतीतल्या एका मुलाखतीचे शेवटचे काही सेकंद असेच तिसऱ्या ड्राइव्हने वाचवले.

झाल्यावर प्रतिमा व्हीएलसीत उघडा आणि मेन्यूतून प्रत्येक गोष्ट एकदा चालवून पाहा. दोन थरांच्या डिस्कवर थर बदलताना मूळ प्लेअर क्षणभर अडखळतो. प्रतिमेत तो अडखळा नसतो. त्यामुळे प्रतिमेतही चित्र थांबलं तर तो थर नव्हे, वाचनाची चूक आहे. मग एसएचए-२५६ बेरीज (फाइल पुढे बिघडली का हे ओळखायचा आकडा) काढून शेजारी मजकूर फाइलमध्ये ठेवा आणि दुसरी प्रत वेगळ्या हार्ड डिस्कवर, शक्यतो वेगळ्या घरात ठेवा. रोज पाहायला किंवा फोनवर न्यायला हँडब्रेक या सॉफ्टवेअरने छोटी फाइल करायची असेल तर खुशाल करा, पण प्रतिमेवरून करा आणि प्रतिमा पुसू नका.

८. नोंदपत्र

फाइलच्या नावात बँड, ठिकाण, चित्रीकरणाची पूर्ण तारीख, प्रकाशनाचं वर्ष, रिजन आणि पद्धत, या क्रमाने. उदाहरणार्थ: रेज अगेन्स्ट द मशिन, मेक्सिको सिटी, १९९९-१०-२८, प्रकाशन २००१, मग रिजन आणि एनटीएससी की पाल. तारखेत वर्ष आधी लिहिलं की यादी आपोआप कालक्रमाने लागते.

सोबत एक मजकूर फाइल. तिच्यात तुमचे चार रकाने, तारखांचा कागद, आवाज-चित्राची बरोबर निघालेली सेटिंग आणि वेष्टनाचे फोटो. आतल्या पुस्तिकेचं पान न् पान स्कॅन करा. डिस्क वाचते पण पुस्तिका हरवते, हे नेहमीचंच.

नोंदपत्र एकदा लिहून बंद करायचं नसतं. माझ्या फाइलीत 'फ्रीडम' या गाण्यासमोर, ते ज्याच्याशी जोडलेलं आहे त्याच्याबद्दल, लिहिलेलं होतं: लेनर्ड पेल्टियर, अमेरिकेतल्या मूळनिवासी चळवळीतला कार्यकर्ता, १९७५ मध्ये पाइन रिज इथे एफबीआयच्या दोन एजंटांच्या मृत्यूप्रकरणी १९७७ मध्ये दोषी, जन्मठेप, अजून तुरुंगात. मैफलीच्या रात्री हे खरं होतं, डिस्क आली तेव्हाही, मी नोंद केली तेव्हाही. जानेवारी २०२५ मध्ये अध्यक्ष बायडन यांनी पद सोडता सोडता त्याची उरलेली शिक्षा घरी भोगायला परवानगी दिली आणि १८ फेब्रुवारी २०२५ ला तो तुरुंगाबाहेर आला. जुनी ओळ मी खोडली नाही. तिच्यापुढे ती लिहिल्याची तारीख घातली आणि खाली नवी ओळ लिहिली.